कडक स्टीलच्या सुरीला धार कशाने लावू?

अरे, पहिलं म्हणजे ती सुरी बिल्डिंगखाली सायकलचं चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला देऊ नकोस, मी एकदा दिली होती, ठिणग्या उडाल्या न टोक निळं पडलं, पाणीच उतरलं, म्हणजे पात्याचा कडकपणाच गेला. तुझी सुरी व्हीजी-१० या जपानी स्टीलची, म्हणजे कडकपणा साधारण ६० एचआरसी (रॉकवेल मापात), तिला १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड बास, हौस असेल तर पुढे ३०००. धार घासायचा लोखंडी रॉड नको, कडेचे टवके उडतात. एस९०व्ही या दुसऱ्या स्टीलची सुरी घेतलीस तर मात्र डायमंड प्लेटच (हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी), त्या स्टीलमधले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण साध्या दगडाहून कडक, नुसता घासत बसशील. पातं आणि दगड यांच्यातला कोन १५ अंशाच्या आसपास, पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदल. आणि सुरमईचं डोकं तोडायला कोयताच घे बाबा.