जोडशब्द घालूनही निबंध तुटक का?

प्रश्न : मी बी.ए. बी.एड.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, मेथड (म्हणजे शिकवायचा विषय) इंग्रजी. व्याकरणाच्या चुका फारशा नसतात. मोरओव्हर, देअरफोरही भरपूर घालते. तरी असाइनमेंटवर ‘नॉट कोहेरंट’ (सुसंगत नाही) असा शेरा येतो. अडतं कुठे? सोबत एक परिच्छेद पाठवला आहे.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अडतं ते त्या मोरओव्हरपाशीच. तुमचा परिच्छेद मराठीत असा होतो : ‘गटकार्यामुळे मुलांना बोलायची संधी मिळते. मोरओव्हर, वर्गात ६० मुलं असतात. देअरफोर, शिक्षकाने नियोजन करावं. धिस इज अ बिग प्रॉब्लेम.’

६० मुलं ही अडचण आहे, मग तिथे भर घालणारा मोरओव्हर कशाला? (गाइडांमधल्या तयार निबंधांनी हा शब्द फार माजवलाय.) नियोजन कसलं, तेही कळत नाही. मधलं कारणच लिहिलेलं नसेल तर देअरफोर ते कुठून आणणार? आणि शेवटचं ‘धिस’ म्हणजे गर्दी की नियोजन?

हॅलिडे आणि हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये इंग्रजी वाक्यं बांधणाऱ्या दुव्यांचे पाच प्रकार सांगितले. जोडशब्द हा त्यातला एकच.

तेव्हा आधी सगळे जोडशब्द खोडा आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्या. वाक्याची सुरुवात वाचकाला माहीत झालेल्या गोष्टीने करा, नवी गोष्ट शेवटी येऊ द्या : ‘गटकार्यामुळे मुलांना बोलायची संधी मिळते. ही संधी ६० मुलांच्या वर्गात मात्र सारखी वाटली जात नाही. गटातली दोघं-तिघंच बोलत राहतात. ही असमानता कमी करायची तर प्रत्येकाला काम नेमून द्यावं : कुणी नोंदी घ्यायच्या, कुणी वेळ पाहायची, कुणी निष्कर्ष मांडायचा.’ जोडशब्द उरला एक, ‘मात्र’. इंग्रजीत लिहिताना ‘धिस’ एकटं सोडू नका, पुढे नाम हवंच : ‘धिस इनइक्वॉलिटी’.

आणखी एक खोड शाळेतली. तोच शब्द पुन्हा नको म्हणून स्टुडंट्स, लर्नर्स, प्युपिल्स असं आलटून पालटून लिहिलं, की हे तीन वेगळे गट आहेत का, असं वाचकाला वाटतं. संज्ञा एकच ठेवा.

परिच्छेद जमले की प्रत्येकाशेजारी समासात त्याचा मुद्दा एका ओळीत लिहा, मराठीत चालेल. एका ओळीत बसत नसेल तर तिथे दोन परिच्छेद आहेत. नुसत्या या ओळी सलग वाचल्या की क्रम कुठे उलटा झालाय ते दिसतं. स्पेलिंग, काळ वगैरे त्यानंतर तपासा. नाहीतर पुढे खोडायच्या वाक्यांवरच तास जातो.