युगांडात अनाथालयाची जागा: टायटल क्लीन आहे म्हणून पाया खणू नका

ताई, सलाम. तुमची पोस्ट वाचली आणि मला आमचेच दिवस आठवले. लुवेरोकडे तिथल्या चर्चने जागा घेतलीय, तुम्ही दोघं मुलांना घेऊन अनाथालयाच्या बांधकामाला मदत करायला गेलाय, सर्च लेटरमध्ये, म्हणजे जमीन नोंदणी ऑफिसच्या दाखल्यात, टायटल (मालकीचा कागद) क्लीन आलंय, आणि पाया आखायला गेलात तर केळीच्या बागेतून माणसं आली आणि म्हणाली ही जमीन आम्ही कसतो. आणि तिथल्या सरकारी ऑफिसवाले म्हणतात तुम्ही कामाला लागा, त्यांना आम्ही बघून घेतो. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, जिल्हा फक्त वेगळा, मुकोनो.

आधीच सांगते, मी वकील नाही, ह्यांनी तिकडे साइट बघितली आणि मी हिशोब आणि कागद बघितले एवढंच. कायदे बदलत असतात, त्यामुळे तिकडचा वकील कराच, फक्त जागा विकणाऱ्याने सुचवलेला वकील करू नका. वर्क परमिट, पैसे बँकेतूनच पाठवणं वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही.

मुद्दा असा आहे की त्या भागातली बरीच जमीन माइलो नावाच्या मालकीच्या प्रकारची आहे. 1900 च्या करारात इंग्रजांनी बुगांडाच्या, म्हणजे युगांडातल्या जुन्या राज्याच्या, राजाला आणि सरदारांना चौरस मैलांच्या हिशोबाने जमिनी दिल्या आणि जे लोक तिथे आधीपासून कसत होते ते रातोरात दुसऱ्याच्या जमिनीवरचे झाले. त्यांच्या तुकड्याला किबांजा म्हणतात, त्याचं वर्षाचं भाडं म्हणजे बुसूलू. 1998 च्या जमीन कायद्याने ह्या लोकांना संरक्षण दिलंय, 1995 ची राज्यघटना लागू व्हायच्या आधी बारा वर्षं किंवा जास्त जो तिथे राहून कसत होता आणि मालकाने हरकत घेतली नव्हती त्याला काढता येत नाही, मालक बदलला तरी त्याचा हक्क तसाच राहतो. आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर तर फक्त बुसूलू थकलं म्हणून आणि तेही कोर्टाच्या ऑर्डरनेच काढता येतं. म्हणजे ऑफिसमधला कोणी "बघून घेतो" म्हणत असेल तर कशाच्या जोरावर ते त्याला लेखी विचारा.

आता खरी अडचण. आपल्याकडे सातबारा काढला की इतर हक्कात कुळाचं नाव दिसतं, निदान दिसायला तरी पाहिजे. तिकडच्या टायटलवर किबांजावाल्यांची नोंद बहुतेक वेळा नसतेच. त्यामुळे सर्च लेटर खरं असतं, क्लीन असतं, आणि तरी त्या जमिनीवर आठ-दहा कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत असतात. कागदात ती माणसं दिसत नाहीत.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एक सरकारी ऑफिस, नाव घेत नाही. आम्ही सर्चच्या वेळीच तोंडी आणि लेखी दोन्ही विचारलं होतं की जागेवर कोणी राहतं का. उत्तर आलं "मोकळी". जागेवर कोणी गेलंच नव्हतं हे नंतर कळलं. माणसं समोर आली तेव्हा त्याच ऑफिसने सांगितलं हा आमचा विषय नाही, एलसी वन चेअरमनकडे, म्हणजे गावच्या कौन्सिलच्या प्रमुखाकडे, जा. चेअरमन म्हणाला मी ह्या लोकांना लहानपणापासून ओळखतो, मी कोणत्या तोंडाने सही करू, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर फाइल पहिल्या ऑफिसकडून यायचीय. ती फाइल कधी साहेबांच्या टेबलवर, कधी कपाटात, कधी कंपालाला गेलेली. सकाळी बाकावर जाऊन बसायचं, दुपारी सांगायचे उद्या या. आमच्या मागे मजूर थांबलेले, आणि भट्टी लावायला म्हणून पाडलेल्या कच्च्या विटा गवत आणि केळीची पानं टाकून रचून ठेवलेल्या, तेवढ्यात मार्चचा पाऊस सुरू झाला आणि सगळ्या विटांचा चिखल झाला. नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी मूठभर धान्य काढून, अर्पणात टाकून जमवलेला पैसा होता तो. अजूनही त्या "मोकळी" शब्दाचा राग येतो मला, एका माणसाने अर्धा दिवस मोटरसायकलवर जाऊन बघितलं असतं तर हे झालं नसतं.

आणि तिथे राहत कोण होतं? एक जाजा, म्हणजे आजी. तिच्या दोन मुली एड्सने गेल्या, नातवंडं तिच्याजवळ. ती मला हाताला धरून बागेत घेऊन गेली, केळीच्या ओळींच्या मागे सिमेंटच्या कबरी, झाडून स्वच्छ केलेल्या, नवरा आणि दोन्ही मुली. घरात साखरेच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेल्या बुसूलूच्या जुन्या पावत्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. आणि आम्हाला सल्ला काय दिला जात होता, तर हिला काढा आणि अनाथ मुलांसाठी घर बांधा! तिला काढलं असतं तर तिची नातवंडं पहिली आली असती आमच्या दारात.

ताई, म्हणून ऑफिसच्या चकरा थांबवा आणि आधी जमिनीवर फिरा, चेअरमनला आणि म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन. कबरी आहेत का बघा. ओलुवान्यीची झुडपं रांगेत लावलेली दिसली तर ती हद्द असते. तुमच्या लुवेरोत आणखी एक गोष्ट आहे, 1981 ते 86 च्या सरकार आणि बंडखोरांच्या लढाईत तिथली गावंच्या गावं पळाली, घरं जळाली, त्यामुळे एखाद्याकडे पावती नाही म्हणून तो खोटा असं अजिबात धरू नका. विकणाऱ्याच्या बायकोची लेखी संमती आहे का तेही बघा, कुटुंबाच्या जमिनीला ती लागते. आणि परदेशी माणसाला तिकडे माइलो मालकीने घेता येत नाही, फक्त लीझ (मुदतीचा भाडेपट्टा), तेव्हा कोणी प्रेमाने म्हणालं की तुमच्या नावावर करू तर नको म्हणा.

आमचा मार्ग शेवटी निघाला तो जमीन वाटून घेऊन. तिकडे हे सर्रास करतात, किबांजावाला काही भाग सोडतो आणि उरलेल्या भागाचं स्वतःच्या नावाचं टायटल त्याला मिळतं. मोजणी चेअरमनसमोर, सगळ्या कुटुंबांच्या सह्या आणि अंगठे, कबरींची जागा त्यांच्याकडे. जाजाला तिच्या बागेचं टायटल मिळालं. आम्हाला जागा कमी उरली आणि मूळ प्लॅनमधलं मोठं वसतिगृह बसेना, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

इथे माझं मत थोडं कडक आहे, मंडळीतल्या बऱ्याच जणांना पटत नाही. ज्यांना अनाथ म्हणून मोजतात त्यातल्या पुष्कळ मुलांची आई किंवा बाप जिवंत असतो, नाहीतर आजी, मावशी असते. मोठी इमारत उभी राहिली की ती भरायला मुलं आणली जातात, कारण तिथे जेवण आणि शाळा मिळते. युगांडाचं 2012 चं धोरणच सांगतं की संस्था हा शेवटचा पर्याय. केनियाने 2017 पासून नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, रवांडाने तर अनाथालयं बंद करून मुलांना कुटुंबात परत पाठवायला घेतलं. लोक मला केडगावच्या मुक्ती मिशनचं उदाहरण देतात. पंडिता रमाबाईंबद्दल मला अतोनात आदर आहे, पण 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी आणलेल्या कितीतरी मुलींना परत जायला घरच राहिलं नव्हतं. युगांडातल्या ह्या मुलांना घर आहे, फक्त त्या घरात पैसे नाहीत. म्हणून आम्ही ज्यांचं खरंच कोणी नाही अशांसाठी लहान घर बांधलं, आणि बाकी पैसा दुपारचं जेवण आणि आज्यांकडे राहणाऱ्या मुलांच्या फीवर घातला. मूल आत घेताना प्रोबेशन ऑफिसर (मुलांचं बघणारा सरकारी अधिकारी) आणि कोर्टाची केअर ऑर्डर, म्हणजे मूल होममध्ये ठेवायचा हुकूम, पाहिजेच, पाळकसाहेबांनी चिठ्ठी दिली म्हणून घेऊ नका, आणि होमची सरकारी मंजुरी आधी, उद्घाटन नंतर.

बांधकामाचं थोडं. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस, त्यात विटा पाडू नका. छताला पत्रे असतील तर वीजरोधक बसवाच, इथे पैसे वाचवू नका, 2011 ला किर्यांदोंगोत शाळेवर वीज पडून वर्गातली मुलं गेलीत. आणि तुम्हा सगळ्यांची पिवळ्या तापाची कार्डं पासपोर्टबरोबरच ठेवा, भारतात परत उतरताना कार्ड नसेल तर क्वारंटाइनला घालतात, लहान मुलं असली तरी.

आता मला एवढं सांगा, टायटलवर माइलो लिहिलंय का फ्रीहोल्ड (साधी कायमची मालकी), आणि जी माणसं आली त्यातलं कोणी बुसूलू कोणाला देतं ते बोललं का. आणि ऑफिसने काढायची तारीख वगैरे दिली असेल तर तो कागद वकिलाला आजच दाखवा. मी रात्री ऑनलाइन असते, आमच्या वाटणीच्या करारात कोणती कलमं घातली होती ती टाइप करून टाकते.