आजोबांची जुनी पेट्रोल चेनसॉ दुरुस्त करून सुरक्षितपणे वापरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांची पेट्रोलवर चालणारी चेनसॉ अडगळीतून तुमच्या हाती आली आहे, ती निदान वीस वर्षे बंद आहे, पुढच्या मुठीसमोर हाताचे रक्षण करणारा दांडा नाही, साखळीला तेल देण्यासाठी अंगठ्याने दाबायचे बटण आहे, तर ती चालू होईल का, आणि झाली तर तिने जळणाची लाकडे कापावीत का. या वर्णनावरून ती १९६० च्या दशकातील किंवा फार तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची असावी. जुनी टू-स्ट्रोक इंजिने उघडून पुन्हा चालती करणे हा माझा अनेक वर्षांचा उद्योग आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की अशी करवत बहुतेक वेळा चालू होते. तिने काम करावे का, हा मात्र अगदी वेगळा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की आडवे पडलेले, नीट आधार दिलेले ओंडके जरूर कापावेत. उभे झाड तिच्याकडून पाडून घेऊ नये.

सर्वांत आधी एक विनंती: स्टार्टरची दोरी अजून ओढू नका. वर्षानुवर्षे बंद असलेल्या सिलिंडरमध्ये तेलाचा थर सुकलेला असतो, कधी दमटपणामुळे गंज धरलेला असतो, आणि कोरडा पिस्टन झटक्याने वरखाली झाला तर चांगल्या सिलिंडरवरही ओरखडे उठतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून टू-स्ट्रोक ऑइलचे काही थेंब आत सोडा आणि ते मुरेपर्यंत सायलेन्सरकडे वळा. तो बहुधा दोन नट किंवा बोल्टवर बसवलेला असतो. त्यामागची गॅस्केट जुनी असेल तर तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती कोरडी खरवडू नका किंवा पॉलिश पेपरने घासू नका. पाणी मारून ओली करा आणि सावकाश सोडवा. आता एक्झॉस्टच्या खिडकीतून विजेरीच्या उजेडात पिस्टन स्पष्ट दिसेल. फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवा आणि पिस्टनच्या अंगाकडे नीट पाहा. कारखान्यात पिस्टन घडवताना पडलेल्या केसासारख्या आडव्या रेषा अजून शाबूत असतील, रिंग चकचकीत असेल आणि लाकडी काडीने दाबल्यावर किंचित आत जाऊन परत बाहेर येत असेल, तर इंजिनाचा गाभा चांगला आहे असे समजा. उभे ओरखडे किंवा वितळून फासल्यासारखे अ‍ॅल्युमिनियमचे डाग दिसले, तर पुढचा खर्च करण्यापूर्वी त्या मॉडेलचा पिस्टन आणि रिंगा मिळतात का, याची चौकशी करा. या पाहणीतून जे कळते ते कॉम्प्रेशन गेजही पूर्णपणे सांगत नाही. तरी सायलेन्सर परत बसवून आणि प्लगच्या भोकात गेज लावून मोजणी जरूर करावी: १२० पीएसआयच्या वर आकडा आला तर समाधान मानावे, ९० च्या खाली आला तर रिंगा संपल्या आहेत असे धरून चालावे.

त्यानंतर ठिणगी. या काळातल्या करवतींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन क्वचितच असते. फ्लायव्हीलखाली सीबी पॉइंट (ठिणगीसाठी विद्युतप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर बसवलेले असतात. ठिणगी येत नसेल तर दहापैकी आठ वेळा पॉइंटवर चढलेला ऑक्साइडचा थर हेच कारण असते, असा माझा अंदाज आहे. अगदी बारीक पॉलिश पेपर एकदा-दोनदा फिरवून, मग स्पिरिटात भिजवलेली कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढली की ते साफ होतात. त्यांचे अंतर साधारण ०.४ मिलिमीटर आणि प्लगचे ०.५ मिलिमीटर ठेवावे. मॉडेलच्या पुस्तिकेत निराळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. फ्लायव्हील काढण्यासाठी पुलरच वापरा. हातोडीचा मारा केला तर पंख्याची पाती तुटतात आणि क्रँकशाफ्टचे टोकही दबते. याच वेळी बंद करण्याचा स्विच तपासून घ्या. गंजलेल्या स्विचमुळे चालू झालेली करवत बंदच होत नाही, हा प्रकार जुन्या यंत्रांत वारंवार आढळतो आणि तो चालू न होण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

इंधनाच्या मार्गातील रबराची प्रत्येक वस्तू बदलावी लागेल, असे गृहीत धरा. टाकीतली नळी, टाकीतला फिल्टर, कार्बोरेटरचा डायफ्राम (लवचीक पातळ पडदा) आणि गॅस्केट हे सगळे एक तर कडक झालेले असते किंवा चिकट लगदा झालेले असते. डायफ्राम बोटांत धरून वाकवला आणि तो कागदासारखा करकरला, तर त्याचे आयुष्य संपले आहे. कार्बोरेटर बहुधा टिलॉटसन किंवा वॉल्ब्रो यांपैकी एका कंपनीचा असतो आणि त्यांचे दुरुस्ती संच अजूनही मिळतात. उघडताना डायफ्राम आणि गॅस्केट कोणत्या क्रमाने निघतात याचे छायाचित्र काढून ठेवा, कारण हा क्रम उलटला तर पेट्रोल नीट येत नाही. कार्बोरेटरच्या आत एक नखाएवढी बारीक जाळी असते, ती हमखास तुंबलेली सापडते. नवीन सुटे भाग घेताना ते इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे आहेत याची खात्री करा; इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि हवेतील ओलावाही ओढून घेते.

सफाईबद्दल एकच सूचना: बॉडी बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आणि सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असतो, म्हणून आम्ल किंवा कॉस्टिक असलेले द्रावण लावू नका; रॉकेल आणि ब्रश पुरेसे आहेत.

बॉडीवरच्या पट्टीवर १६:१ किंवा २०:१ असे तेलाचे प्रमाण लिहिलेले असेल. ते त्या काळच्या साध्या खनिज तेलासाठी होते. १६:१ म्हणजे लिटरला सुमारे ६२ मिलिलिटर. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलने इतका धूर आणि काजळी ओढवून घेण्याचे कारण नाही. तरी अशा इंजिनाला मी आधुनिक ५०:१ वर नेत नाही. ३२:१, म्हणजे लिटरला साधारण ३१ मिलिलिटर, हे प्रमाण मला योग्य वाटते. प्रमाण बदलले की कार्बोरेटर पुन्हा जुळवावा लागतो, कारण तेल कमी झाले की त्याच जेटमधून पेट्रोल किंचित जास्त जाते. सुरुवातीला कार्बोरेटरवरचे मिश्रण जुळवणारे दोन्ही स्क्रू अलगद बसेपर्यंत आत फिरवून एक-एक फेरा मोकळे करावेत. पुढचे काम कानाने करायचे: पूर्ण थ्रॉटलवर, साखळी लाकडात नसताना, इंजिनाचा आवाज थोडा अडखळता, भरडल्यासारखा यायला हवा आणि लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हायला हवा. रिकाम्यावरच आवाज तीव्र, सलग किंचाळल्यासारखा येत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. अशी करवत जोरकस वाटते खरी, पण पेट्रोलबरोबर तेलही कमी पोहोचत असल्यामुळे पिस्टन जाम होण्याची ती पूर्वतयारी असते. स्क्रूने कितीही जुळवले तरी आवाज स्थिर राहत नसेल, तर क्रँकशाफ्टची सील कडक होऊन हवा ओढत आहेत असे समजा आणि ती बदलून घ्या.

साखळीकडे लोक शेवटी वळतात, पण तिच्यावर मी मूळ यंत्राइतकाच वेळ घालवीन. जुनी गंजलेली साखळी टाकून द्या. नवी घेण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पिच (कड्यांमधील अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या दात्यांची जाडी) आणि बारमध्ये, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीत, बसणाऱ्या दात्यांची संख्या. पिच काढण्यासाठी ओळीने तीन रिव्हेट घेऊन पहिल्या आणि तिसऱ्यामधील अंतराला दोनने भागा; ३/८ किंवा ०.४०४ इंच आले तर साखळी सहज मिळेल, अर्धा इंच आले तर मात्र शोध घ्यावा लागेल किंवा बार, स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) आणि साखळी तिन्ही बदलावे लागतील. पर्याय असेल तेव्हा कमी किकबॅकची (बार उलटून उसळण्याचा धोका कमी असलेली), म्हणजे दातापुढे संरक्षक कडी असलेली साखळीच घ्या, आणि बारही कामाला पुरेल इतकाच आखूड ठेवा. जुन्या बारच्या टोकाला फिरते चाक नसते, साखळी नुसत्या धातूवर घासत जाते. म्हणून अंगठ्याचे ते तेलाचे बटण काम चालू असताना दर काही सेकंदांनी दाबत राहणे भाग आहे. निष्क्रिय वेगावर, म्हणजे थ्रॉटल न दाबता इंजीन चालू असताना, साखळी पूर्णपणे स्थिर राहिली पाहिजे. ती सरकत असेल आणि वेग कमी करूनही थांबत नसेल, तर क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत. त्या बदलेपर्यंत लाकडाला हात लावू नका.

आता ज्या कारणासाठी मी उभ्या झाडाला नकार दिला ते सांगतो. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला, तर तेथे दात प्रमाणाबाहेर खोल रुततात, लाकूड हलत नाही आणि सगळा जोर उलटून बार वर, करवत चालवणाऱ्याच्या डोक्याकडे उसळतो. हे एवढ्या झटक्यात घडते की माणसाला प्रतिक्रिया द्यायला अवधी मिळत नाही. आजच्या करवतीत अशा वेळी पुढचा दांडा मनगटाला लागून किंवा स्वतःच्या जडत्वाने पुढे पडतो आणि ब्रेक साखळी थांबवतो. तुमच्या करवतीत ही सोय नाही. ब्रेक १९७० च्या दशकापासून हळूहळू सर्वत्र आले. तुटलेली साखळी अडवणारा हूक, थ्रॉटल चुकून दाबला जाऊ नये म्हणून असणारा मागचा खटका, रबरी कंपनरोधक हेही बहुधा नसतील. त्याच मालिकेतील नंतरच्या मॉडेलचे ब्रेकसह झाकण बसत असेल तर ते अवश्य बसवा. घरी पत्रा जोडून केलेला दांडा केवळ खोटा धीर देतो.

त्यामुळे फांद्या छाटणे, बारच्या टोकाने लाकडात शिरणे, खांद्याच्या वर कापणे, शिडीवर चढून कापणे हे सगळे या करवतीसाठी वर्ज्य समजा. ओंडका घोडीवर पक्का ठेवा, बारचा मुठीकडचा भाग वापरा, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळवून घ्या आणि स्वतः बारच्या सरळ रेषेत उभे राहू नका. चालू करताना करवत मोकळ्या सपाट जमिनीवर ठेवा. मागच्या मुठीत बुटाचे टोक मावत नसेल, जे जुन्या करवतींत नेहमीचे आहे, तर ती मूठ दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट धरा. हवेत धरून झटका देऊन चालू करण्याची पद्धत पाहिली असेल तर विसरून जा, कारण थ्रॉटल अर्ध्यावर अडकवलेला असताना ब्रेक नसलेल्या करवतीची साखळी पहिल्या ठिणगीलाच फिरू लागते.

अंगावर आयएसओ ११३९३ मानकाची चेनसॉ पँट, जाळीदार झडप असलेले हेल्मेट, कानांवर रक्षक आणि पोलादी टोकाचे बूट हवेत. त्या पँटमधले लांब तंतू स्प्रॉकेटमध्ये गुंतून साखळी रोखतात. साधी जाड पँट तसे काहीच करत नाही. ब्रेक नसताना या कपड्यांवरचा खर्च मी यंत्रावरच्या खर्चाच्या आधी करीन. कंपनरोधक नसल्यामुळे थोडा वेळ कापून हातांना विश्रांती द्या, आणि बोटे मुंग्या येऊन बधिर होऊ लागली तर त्या दिवसाचे काम थांबवा. वारंवार दुर्लक्ष केल्यास बोटे पांढरी पडण्याचा कायमचा विकार जडतो. पेट्रोल भरण्यापूर्वी इंजीन गार होऊ द्या, भरल्यावर त्या जागेपासून किमान तीन मीटर दूर जाऊन चालू करा, आणि सायलेन्सरमध्ये ठिणगी अडवणारी जाळी नसेल तर वाळलेल्या गवतात काम करू नका.

काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवा. बॉडीवरील पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि बारच्या मुळाशी कोरलेले आकडे कळवलेत, तर पिच, गेज आणि कार्बोरेटरचा संच कोणता घ्यावा हे अधिक नेमके सांगता येईल.