एक्स-रेत फुफ्फुसावर डाग दिसलाय, मग आता सीटी स्कॅन कशाला?

तुम्ही लिहिलंय, आई निपाणीत विड्या वळतात, महिनाभर खोकला आहे, एक्स-रेत डाग दिसला आणि डॉक्टरांनी सीटी सांगितला. पैसे काढायचा प्रकार आहे का, असं विचारलंय. मी बेळगावात स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे. मला तरी तसं वाटत नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. फुफ्फुसातल्या हवेतून किरण आरपार जातात, म्हणून तो भाग काळा. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं, ते पांढरं. पू, पाणी, गाठ, जुना व्रण, सगळेच पांढरट. त्यात बरगड्या, हृदय, डाग एकाच फिल्मवर एकावर एक चढतात. आईंनाच विचारा: विडीचं एक पान उन्हात धरलं तर शीर न् शीर दिसते, पानांचं पुडकं धरलं तर काय दिसणार? सीटीत एक्स-रेची नळी अंगाभोवती फिरते आणि संगणक छातीचे पातळ काप मांडतो. पुडक्यातलं पान न् पान सुटं होतं. डाग किती मिलिमीटरचा, कडा गुळगुळीत की काटेरी, आत पोकळी आहे का, कॅल्शियम साठलंय का, हे तिथं कळतं. सोनोग्राफी या कामाची नाही. हवा भरलेल्या फुफ्फुसात तिच्या लहरी शिरत नाहीत.

पण फोटोवर रोगाचं नाव लिहिलेलं नसतं. टीबीची खात्री बहुधा थुंकीतून होते, कॅन्सरची डागातला छोटा तुकडा काढून, तो तपासून. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायलाच हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. राहिली असेल तर उद्याच करा.

माझे वडील खानापूरला कौलांच्या कारखान्यात होते. त्यांच्याही एक्स-रेत असाच डाग निघाला. आठ दिवस घरात कुणाला घास गोड लागला नाही. मग आईनं ट्रंकेतून दहा वर्षांपूर्वीची फिल्म काढली. डाग तोच, तेवढाच, त्याच जागी. तरुणपणी होऊन गेलेल्या टीबीचा व्रण! तेव्हापासून प्रत्येक पेशंटला मी पहिलं हेच विचारतो, जुनं काही आहे का?

तुम्हीही घर धुंडाळा. नुसता रिपोर्ट नको, फिल्म हवी. फोटो जास्त स्पष्ट यावा म्हणून शिरेतून औषध देऊन सीटी करणार असतील तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, मूत्रपिंडं नीट काम करतात का ते त्यावरून कळतं. आईंना शुगर असेल, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, तर टेबलावर झोपण्याआधी आम्हाला सांगा.