सहभाग, हस्तक्षेप की गुंतणे? व्हिएतनामविषयीच्या एका वाक्याची चर्चा

व्हिएतनाम युद्धावरील एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने पुढील वाक्य पाठवून शंका विचारली आहे : “साम्यवादविरोधी गनिमी युद्धातील अमेरिकेचा सहभाग वाढत गेला.” यातला ‘सहभाग’ त्यांना खटकतो, त्याजागी ‘हस्तक्षेप’ घातला तर लेखाचा सूर बदलतो, आणि कोशात सापडलेला ‘गुंतवणूक’ हा शब्द वाचताना शेअर बाजार डोळ्यांपुढे येतो. मग योग्य शब्द कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे.

त्या शब्दाकडे वळण्यापूर्वी वाक्याच्या सुरुवातीची एक अडचण दूर करायला हवी, कारण ती अधिक गंभीर आहे आणि प्रश्नकर्त्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. ‘साम्यवादविरोधी गनिमी युद्ध’ असे म्हटले की मराठी वाचक गनिमी पद्धतीने लढणाऱ्यांनाच साम्यवादविरोधी समजतो. १९८० च्या दशकातील निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांना किंवा अफगाणिस्तानातल्या मुजाहिदीनांना हे वर्णन लागू पडेल. दक्षिण व्हिएतनाममध्ये मात्र गनिमी लढणारे साम्यवादी होते आणि त्यांना मोडून काढू पाहणारे सायगावचे, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीतले, सरकार साम्यवादविरोधी होते. म्हणून ‘साम्यवादी गनिमांविरुद्धचे युद्ध’ अशी रचना करावी. विशेषणांची माळ ओवताना कोणता मणी कोणाला चिकटतो हे पाहिले नाही, तर मराठीत पक्षांची अशी अदलाबदल सहज होते.

इथे ‘गनीम’ हा शब्द ठेवावा, असे माझे मत आहे, आणि त्याला एक गमतीचे कारण आहे. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ शत्रू असा आहे, आणि मोगलांच्या फारसी तवारिखांत तो मराठ्यांना उद्देशून येतो. पुढे त्यांची लढण्याची तऱ्हा तीच ‘गनिमी’ ठरली. या दक्षिणेतल्या गनिमांचे ‘व्हिएतकाँग’ हे नावही असेच विरोधकांच्या तोंडी रुळलेले आहे. ‘व्हिएतनामी साम्यवादी’ या अर्थाच्या शब्दांचा तो संक्षेप असून, २० डिसेंबर १९६० रोजी स्थापन झालेली ती संघटना स्वतःला राष्ट्रीय मुक्ती आघाडी म्हणवत असे. संपूर्ण युद्धाला ‘गनिमी कावा’ म्हणणे मात्र टाळावे. कावा म्हणजे मुळात घोड्याला गोल फिरवणे आणि त्यावरून हुलकावणी, डावपेच; तो युद्धातला एक डाव झाला, युद्ध नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘सहभाग’ या शब्दात ‘भाग’ आहे आणि तो कोणाच्या तरी ‘सह’ घ्यायचा आहे. जे काम मुळात दुसऱ्याचे आहे किंवा अनेकांनी मिळून करायचे आहे, त्यातला वाटा उचलला की सहभाग होतो. व्हिएतनाममध्ये आपापल्या तुकड्या पाठवणाऱ्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, थायलंड यांच्याविषयी लिहिताना हा शब्द अचूक बसेल. अमेरिकेपुरता तो १९५० मध्ये कदाचित चालला असता, कारण तेव्हा इंडोचायनातले युद्ध फ्रान्सचे होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी त्याला पैसा आणि शस्त्रे द्यायला सुरुवात केली होती. परंतु फ्रेंच लढत असतानाच त्या युद्धाचा बहुतांश खर्च अमेरिकेच्या खजिन्यातून होऊ लागला. पुढे १९६५ नंतर तर लढाईची आखणी, विमाने, तोफा आणि आघाडीच्या मोठ्या मोहिमा हे सारेच प्रामुख्याने अमेरिकेचे झाले. ज्याने मांडव घातला, जेवणाचा खर्च केला आणि पंगतही स्वतःच वाढली, त्याचा लग्नात ‘सहभाग’ होता, असे आपण म्हणत नाही.

‘हस्तक्षेप’ म्हणजे शब्दशः हात घालणे. तो नेहमी निंदाव्यंजकच असतो असे नाही, कारण ‘न्यायालयाने हस्तक्षेप करावा’ अशी मागणी आपण आदराने करतो. तरीही ‘दुसऱ्या देशाच्या कारभारात’ हे शब्द जोडले गेले की तो आरोप होतो, आणि प्रश्नकर्त्यांना जाणवलेला सुरातला बदल तो हाच. माझी अडचण थोडी वेगळी आहे. हस्तक्षेपाला एक क्षण असतो, तारीख असते. ८ मार्च १९६५ रोजी अमेरिकेचे सुमारे साडेतीन हजार मरीन सैनिक दक्षिण व्हिएतनाममधील दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले, त्या घटनेला हस्तक्षेप म्हणायला माझी हरकत नाही. पण मूळ लेखाचा विषय आहे तो त्याआधीची दहा-पंधरा वर्षे, आणि त्या काळात असा एक क्षण बोट ठेवून दाखवता येत नाही.

त्या वर्षांचे काम ‘सल्लागार’ या शब्दाने निभावून नेले होते. फ्रान्सचे युद्ध संपवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारांनी परदेशी लष्करी माणसे वाढवण्यावर बंधन घातले होते आणि देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे इतर दोन सदस्य. त्यामुळे ‘सैनिक’ न म्हणता ‘सल्लागार’ म्हणणे सोयीचे होते. केनेडी १९६१ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा असे सुमारे ९०० सल्लागार होते, आणि १९६३ अखेर ते सुमारे १६,००० झाले. डिसेंबर १९६१ मध्ये हेलिकॉप्टरच्या तुकड्या आल्या आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये सायगावमध्ये स्वतंत्र लष्करी मुख्यालय उभे राहिले. अमेरिकी वैमानिक बाँबफेकीच्या मोहिमांवर जात, तेव्हा एखादा दक्षिण व्हिएतनामी जवान विमानात बसवलेला असे, म्हणजे कागदोपत्री ते प्रशिक्षणच राहत असे. आयोगाने १९६२ च्या अहवालात साम्यवादी उत्तर व्हिएतनामच्या कारवायांवर ठपका ठेवला आणि दक्षिणेला मिळणाऱ्या या लष्करी मदतीवरही. अनुवादात ‘सल्लागार’ हाच शब्द ठेवावा, कारण तो त्या काळाचा आहे. फक्त सल्ला देणाऱ्यांच्या हाती मशिनगन होती, हे वाचकाला पुढच्या वाक्यात कळू द्यावे.

इतक्या पायऱ्यांनी घडलेल्या गोष्टीला मराठीत जवळचा धातू ‘गुंतणे’ हाच आहे. सूत गुंतते, पाय गुंततात, जीव गुंततो, आणि नेमक्या कोणत्या वेढ्याशी गाठ बसली ते नंतर सांगता येत नाही. कोशातल्या ‘गुंतवणूक’ शब्दाने घोटाळा होतो तो ‘व’ या अक्षरामुळे. ‘वागणे’पासून वागणूक आणि ‘वागवणे’पासून वागवणूक, तशी ‘गुंतणे’पासून गुंतणूक आणि ‘गुंतवणे’पासून गुंतवणूक. यांपैकी दुसरी आज पैशांनी पुरती बळकावलेली असल्यामुळे तिचा नाद सोडावा. ‘गुंतणूक’ व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण घाईत वाचणाऱ्याला ती मुद्रणदोषासारखी वाटेल.

खरे तर इथे नामाची गरजच नाही. इंग्रजी वाक्य नामावर तोलले जाते म्हणून आपणही नाम शोधत बसतो, आणि मराठीचे बळ संयुक्त क्रियापदांत आहे हे विसरतो. ‘गुंतली’ म्हटले की घटना पूर्ण झाली. ‘गुंतत गेली’ म्हटले की ती हळूहळू, एकेक पाऊल टाकत घडली. आणि ‘गुंतून पडली’ म्हटले की आता सुटका नाही. १९५० ते १९६४ या वर्षांना दुसरे रूप शोभते. तिसरे रूप १९६६ पासून पुढच्या काळासाठी राखून ठेवावे, जेव्हा लाखांनी सैन्य तिथे होते (१९६९ मध्ये ते ५,४०,००० च्या वर गेले) आणि ते मागे कसे घ्यावे हे वॉशिंग्टनमध्ये कोणाला सुचत नव्हते. ‘पाय खोलात गेला’ हा वाक्प्रचारही या तिसऱ्या अवस्थेचाच आहे.

एवढ्यावर थांबलो असतो, पण ‘गुंतत गेली’ या रूपावर एक रास्त आक्षेप येतो. हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात कर्त्याचा दोष नसतो. माशी जाळ्यात गुंतते तशी महासत्ता गुंतली, असे चित्र उभे राहते. कागदपत्रे तसे सांगत नाहीत. सल्लागारांची संख्या वाढवण्याचा प्रत्येक निर्णय अध्यक्षांच्या संमतीने झाला. टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने अमेरिकी युद्धनौकांवर हल्ले केल्याचे सांगितले गेले, त्यानंतर ७ ऑगस्ट १९६४ रोजी प्रतिनिधीगृहाने एकही विरोधी मत न पडता, आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी, अध्यक्ष जॉन्सन यांना बळाच्या वापराची मोकळीक दिली. दा नांगला उतरलेले मरीन विमानतळाच्या रक्षणापुरते आहेत असे सांगितले गेले होते. एप्रिल १९६५ मध्ये त्यांना बाहेर पडून चढाई करण्याची परवानगी मिळाली, आणि या बदलाचा गाजावाजा होऊ नये असेही आदेशातच ठरले. परराष्ट्र खात्यातील जॉर्ज बॉल यांच्यासारखे धोक्याची सूचना देणारे लोक सरकारातच होते. डोळे उघडे ठेवून टाकलेल्या पावलांना ‘गुंतणे’ म्हणणे म्हणजे व्याकरणाने दिलेली माफी होईल.

यावर तोड मराठीतच आहे. ‘गुंतवणे’ या सकर्मक रूपाला ‘घेणे’ जोडले की ‘गुंतवून घेणे’ होते. त्यात गुंतणारा आणि गुंतवणारा एकच असतो, गुंत्याचा चिवटपणा राहतो आणि कर्तृत्वही लपत नाही. म्हणून प्रश्नकर्त्यांना मी पुढील वाक्य सुचवेन : “दक्षिण व्हिएतनाममधील साम्यवादी गनिमांविरुद्धच्या युद्धात अमेरिकेने स्वतःला उत्तरोत्तर अधिक गुंतवून घेतले.” लेखाच्या शीर्षकासाठी हे लांब वाटले, तर तिथे ‘गुंतत गेलेली अमेरिका’ चालेल, मात्र पहिल्याच परिच्छेदात हे पूर्ण वाक्य यावे.