वेगळ्या मताच्या लोकांशी धर्मावर बोलताना आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक कसं राहायचं?

गप्प बसलं तर मनाला टोचतं आणि बोललं तर वाद पेटतो, अशी तुमची अडचण आहे. मी श्रद्धाळू आहे, जवळचे बरेच मित्र मात्र श्रद्धाळू नाहीत, म्हणून ही कोंडी ओळखीची.

मी आधी एवढंच पाहतो की समोरचा माहिती विचारतोय की होकार मागतोय. ‘तू प्रार्थना का करतोस?’ याला सविस्तर उत्तर द्यावं. ‘हे सगळं थोतांड आहे, हो ना?’ याला मात्र उगाच वाद नको म्हणून मान डोलवू नये. मी म्हणतो, “मला तसं वाटत नाही,” आणि थांबतो. न विचारता कारणं देत सुटलं की आपणच आरोपी आणि आपणच वकील!

दुसरं, परंपरेतली प्रत्येक गोष्ट लढवायची नसते. १२६३ साली बार्सिलोनात आरागॉनचा (आजच्या स्पेनमधल्या एका राज्याचा) राजा पहिला जेम्स याच्यासमोर ज्यू धर्मपंडित नाहमानिदीस यांना जाहीर वादाला उभं राहावं लागलं. समोर होता पाब्लो क्रिस्तियानी, ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेला. नाहमानिदीस यांनी आधी मोकळेपणानं बोलण्याची मुभा मागून घेतली. पाब्लो ज्यूंच्याच ग्रंथांतल्या कथा काढून त्यांना अडकवू पाहत होता. त्यांनी सांगून टाकलं की अशा कथांवर विश्वास ठेवायलाच हवा असं बंधन माझ्यावर नाही. मुख्य श्रद्धेवरून मात्र ते तसूभरही हलले नाहीत. आपलं मन नेमकं कशावर टेकलंय हे आधीच ठाऊक असलं की बाकीचं हातचं सोडता येतं. ‘याचं उत्तर माझ्याकडे नाही’ हेही मग बिनदिक्कत म्हणता येतं.

पुढे नाहमानिदीस यांच्यावर धर्मनिंदेचा ठपका आला आणि देश सोडावा लागला, हेही विसरू नका. ज्याच्या हातात तुमची नोकरी किंवा घर आहे, त्याच्याशी हा विषय टाळलात तर तो भित्रेपणा नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १८ श्रद्धा बाळगण्याइतकंच ती बदलण्याचंही स्वातंत्र्य देतं. म्हणजे तुमच्या नास्तिक मित्राचंही मन त्याचंच. त्याला वळवायचा छुपा हेतू ठेवून बसलात तर त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. चारचौघांत कोणी डिवचलं तर मी “निवांत भेटू तेव्हा बोलू” म्हणतो. ज्याला खरंच ऐकायचं असतं तो नंतर आठवणीनं विचारतो.