वाचकांचे प्रश्न: डेव्हनच्या हेजमधून सायकल

मागच्या अंकात मी इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन काउंटीत, हेजमधल्या म्हणजे बांधावरच्या झुडपांच्या कुंपणांमधल्या रस्त्यांनी केलेल्या सायकल ट्रिपबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरेच प्रश्न आले. सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं नवरा-बायको पन्नाशीचे. मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे जाऊ तेव्हा चार-पाच दिवस सायकल चालवायची इच्छा आहे, पण मला मागून येणाऱ्या गाड्यांची फार भीती वाटते. खरंच गाड्या नसलेला रस्ता आहे, की नुसतं म्हणायला?

खरंच आहे हो. टार्का ट्रेल म्हणतात त्याला, ब्रॉन्टनपासून मीथपर्यंत साधारण 50 किलोमीटर, चालणारे आणि सायकलवाले, काही भागात घोडेवाले, एवढेच. हा मुळात रेल्वेमार्ग. 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये तोट्यातल्या लाइनी एकामागून एक बंद केल्या, त्यात बार्नस्टेपल ते टॉरिंग्टनची पॅसेंजर गाडी 1965 मध्ये गेली, चिकणमातीच्या मालगाड्या मात्र 1982 पर्यंत चालल्या, मग रूळ निघाले आणि त्याच जागेवर सायकलची वाट झाली. आता तो नॅशनल सायकल नेटवर्क या ब्रिटनभरच्या सायकलमार्गांच्या जाळ्यातल्या रूट 27चा, म्हणजे इलफ्राकोम ते प्लिमथ मार्गाचा, भाग आहे, निळ्या पाटीवर लाल चौकटीत 27 आकडा दिसला की तुम्ही बरोबर जाताय.

तुम्ही बार्नस्टेपल स्टेशनला उतरा आणि पहिल्या दिवशी फक्त बिडेफर्डपर्यंत जा, जेमतेम 15 किलोमीटर आहे आणि जवळजवळ सपाट. उजव्या हाताला टॉ नदीची खाडी. ओहोटीला गेलात तर पाणी पार लांब गेलेलं असतं, चकचकीत चिखलावर कर्ल्यू आपली वाकडी चोच खुपसत फिरत असतात आणि मागून हॉर्न वाजणार नाही हे हळूहळू तुमच्या खांद्यांना कळायला लागतं. माझे खांदे तर फ्रेमिंग्टनच्या जुन्या धक्क्यापाशी पोचेपर्यंत सैल झाले होते.

प्रश्न: नकाशात बघितलं तर हा भाग सगळा टेकड्यांचा दिसतो. मी रोज 70-80 किमी आरामात करतो, मग इलफ्राकोम ते प्लिमथ हे 160 किमी दोन दिवसांत धरले तर चालतील ना?

तुमचे पाय चालतील, पण मी चार दिवस धरा म्हणेन. कारण सांगते. या रूटचा दोन तृतीयांश तरी भाग गाड्यांशिवाय आहे आणि तो बहुतेक जुन्या रेल्वेवरून जातो, रेल्वेला चढ झेपत नाही म्हणून बांधणाऱ्यांनी टेकडी कापली, दरीवर पूल टाकला, त्यामुळे चढ बहुतेक ठिकाणी एक-दोन टक्क्यांचा, टॉरिंग्टनच्या पुढे वाट बराच वेळ चढत राहते पण गिअर एक-दोन खाली टाकला की झालं. खरी गोष्ट सुरू होते मीथला, जिथं ट्रेल संपतो. तिथून हॅदर्लीवरून ओकहॅम्प्टनपर्यंत गावातल्या अरुंद रस्त्यांनी जायचं आणि हे रस्ते बैलगाडीच्या काळातले, ते टेकडीला वळसा घालत नाहीत, सरळ डोक्यावर चढतात आणि पलीकडे ओढ्यात उतरतात आणि परत चढतात. आपल्याला घाटाची सवय असते, म्हणजे एकच लांब चढ, लय सापडते. इथं लय सापडायच्या आत चढ संपतो आणि दम परत यायच्या आत पुढचा समोर उभा. 

म्हणून या तुकड्यात किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:50,000 नकाशावर रस्त्यावर छोटे बाण असतात, एक बाण म्हणजे 14 ते 20 टक्के, दोन बाण म्हणजे 20 टक्क्यांच्या वर. आदल्या रात्री ते बाण मोजायचे आणि त्यावर दिवस ठरवायचा. सामान लादलेल्या सायकलला मागची सगळ्यात मोठी चकती निदान 34 दातांची हवी आणि पुढची त्याहून लहान असली तर देवच पावला. चढावर उतरून ढकललंत तरी काही बिघडत नाही, उतारावर मात्र ब्रेक पॅड नवे असू द्या, तळाला वळण असतं आणि वळणावर ट्रॅक्टरने सांडलेला ओला चिखल असतो.

ओकहॅम्प्टनच्या पुढे परत ट्रेल लागतो, ग्रॅनाइट वे, लिडफर्डपर्यंत 18 किलोमीटर. त्यावर मेल्डनचा लोखंडी पूल आहे, 1874चा, 46 मीटर उंच, आणि सायकल घेऊन त्याच्यावरून जायचं, एका बाजूला डार्टमूरचे उघडेबोडके डोंगर. तिथं थांबायला वेळ नसेल तर मग दोन दिवसांत संपवून मिळवलं काय?

प्रश्न: माझा भाऊ तिकडे जाऊन आला, तो म्हणतो दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती, काही दिसतच नाही, बोगद्यातून चालवल्यासारखं वाटतं. मग एवढं कौतुक कशाचं?

भावाचं म्हणणं खोटं नाही. डेव्हनची हेज म्हणजे नुसतं झुडपांचं कुंपण नसतं, आधी मातीचा बांध, त्याला कुठं कुठं दगडाचं अस्तर आणि बांधावर हेझल, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, मध्येच एखादा ओक. रस्ता शतकानुशतकं चाकांनी आणि पावसाने खाली खचत गेलेला, त्यामुळे बांध डोक्याच्या वर जातो. यातल्या कितीतरी हेज मध्ययुगातल्या आहेत, म्हणजे शेताची हद्द तेव्हा आखली ती आजही तीच.

पण गाडीतून गेलं तर ती हिरवी भिंत दिसते. सायकलवर चढावर ताशी 6 किलोमीटरने चाललात की ती भिंत राहत नाही, तुमचं नाक तिच्यापासून दोन हातांवर असतं. मी जूनमध्ये हॅदर्लीच्या अलीकडे एका चढावर दम खात थांबले होते, समोर बांधात फॉक्सग्लोव्हचा दांडा, खालची जांभळी घंटाफुलं उमललेली, वरच्या कळ्या अजून हिरव्या, आणि एक गलेलठ्ठ भुंगा खालच्या फुलात शिरला, पूर्ण आत गेला, फूल थरथरलं, मग पाठमोरा बाहेर आला आणि वरच्या फुलात. खालून वर, क्रमाने. मी पाच-सहा मिनिटं तेच बघत उभी होते. आणि मधेच हेजला फाटक येतं, लोखंडी, गाईंच्या शेताचं, तिथं एकदम सगळं उघडतं, टेकड्यांमागे टेकड्या आणि प्रत्येकीवर हेजच्या रेघा. प्रत्येक फाटकाशी थांबा, हा माझा नियमच आहे.

प्रश्न: कुठला महिना चांगला? आणि पंक्चरचं काय, तिकडे दुकान जवळ असतं का?

मेचा दुसरा पंधरवडा आणि जून. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, बांधावर फुलं असतात आणि शाळांच्या उन्हाळी सुट्टीची गर्दी अजून आलेली नसते. पाऊस कधीही येतो, रेनकोट वरच ठेवा.

पंक्चरचं विचारलंत ते बरं केलं, कारण ते हेजशीच जोडलेलं आहे. पक्ष्यांच्या विणीसाठी शेताच्या कडेची हेज मार्च ते ऑगस्ट कापायला बंदी असते, थोडे अपवाद सोडून. म्हणजे कापणी सप्टेंबरपासून, आणि यंत्राने कापली की ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. मी एकदा ऑक्टोबरमध्ये गेले होते, मागचं टायर बसलं, ट्यूब बदलली, हवा भरली, दहा मिनिटांत परत बसलं. काटा मी काढला होता पण त्याचं टोक मोडून टायरच्या आतच राहिलं होतं, नखाच्या कोपऱ्याएवढं, डोळ्यांना दिसेना. टायर आतून बोटाने सावकाश चाचपावं लागतं, बोटाला टोचलं की तिथंच आहे. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, पंप आणि चिमटा सोबत हवाच, मीथ ते ओकहॅम्प्टन दुकानाच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न: अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर?

थांबायचं. रस्ता एकाच गाडीपुरता असतो पण जागोजागी थोडा रुंद केलेला असतो, जो जवळ असेल तो तिथं मागे जातो, आणि सायकलवाल्याला मागे जाणं सोपं म्हणून आपणच जावं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, ती काळजी नाही. आंधळ्या वळणाआधी पेडल थांबवून कान द्या, हेजमुळे दिसत नाही पण इंजिन ऐकू येतं. घोडा दिसला तर घंटी नाही, लांबूनच "हॅलो" म्हणा, स्वाराने मान हलवली की सावकाश आणि लांबून पुढे जा.

प्रश्न: शेवट प्लिमथला झाल्यावर सायकल घेऊन परत कसं यायचं?

टॅविस्टॉक ते प्लिमथ ड्रेक्स ट्रेल आहे, 34 किलोमीटर, बराचसा परत जुन्या रेल्वेवरूनच, वाटेत 2012 मध्ये झालेला जेम ब्रिज लागतो, तो चुकवू नका. प्लिमथहून एक्सेटरला आणि लंडनला थेट रेल्वे आहे, पण लांबच्या गाडीत सायकलच्या जागा मोजक्याच असतात, तुमचं तिकीट काढताना सायकलचीही जागा धरून ठेवा, आणि प्लॅटफॉर्मवर पॅनिअर, म्हणजे सायकलला लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या, आधीच उतरवून तयार राहा, गाडी फार वेळ थांबत नाही.